बुझावलं

सदर बाजारातून कचेरीकडे जाताना नरहरच्या कानावर तो शब्द पडला आणि त्याचा पाय होता तिथंच थांबला. झालं होतं अगदी साधं. रस्त्याच्या कडेला दोन बाया पोत्यावर लाल मिरच्यांचे ढीग मांडून बसल्या होत्या. एकीचं पोर मांडीवरून घसरत, डोक्यावरची कुंची ओढत, लालबुंद होऊन रडत होतं आणि ती गिऱ्हाइकाला तोलून देण्यात गुंतली होती. शेजारची तिला म्हणाली, "आधी बुझाव की गं त्याला." तिनं तागडी खाली ठेवली, पोराला उचलून खांद्याशी धरलं, पाठीवर सबंध पंजा टेकवला आणि काही न बोलता नुसती डोलत राहिली. पोर दोन-तीनदा हुंदकलं, मग त्याचा आवाज उतरत गेला. मागून टांगेवाला ओरडला तेव्हा नरहर बाजूला झाला. मिरच्यांनी डोळे चुरचुरत होते. कचेरीची वेळ होऊन गेली होती, तरी तो त्या पाठीवरच्या हाताकडे बघत उभाच होता. शेवटी त्या बाईनंच पदर सावरला आणि जरा रागानं विचारलं, मिरच्या घ्यायच्यात का. तो चालू लागला.

दिवसभर त्याचं कामात लक्ष लागलं नाही. गेली दहा वर्षं तो जुन्या मिसलींच्या खोलीत बसत होता. निकाल लागून गेलेल्या खटल्यांचे कागद लाल फडक्यांत बांधून फळ्यांवर रचलेले असत; कुणी नक्कल मागितली की गठ्ठा काढायचा, झटकायचा, पुन्हा बांधायचा. बोलायचं काम जवळजवळ नव्हतंच, आणि म्हणूनच त्यानं ते मागून घेतलं होतं. त्याच्याआधी तो तालुक्याच्या अदालतीत दुभाष्या होता. खेड्यापाड्यांतली माणसं मराठीत बोलायची, सरकारचं दफ्तर उर्दूत चालायचं, आणि या दोहोंच्या मधे नरहर उभा असायचा. त्याला त्याचा अभिमान होता. वडिलांनी लहानपणीच मौलवींकडे घातलं होतं. चुकीच्या उच्चाराला हातावर छडी मिळे. त्या छड्यांतून त्याची उर्दू अशी घडली होती की हैदराबादेहून नव्यानं आलेले अंमलदार त्याचं बोलणं ऐकून दोनदा वळून बघत. घरात मात्र आई होती, द्वारकाबाई, जिला उर्दूचं अक्षर कळत नव्हतं. छडीचे वळ घेऊन तो आला की ती चुलीपुढून उठायची, हात पदराला पुसायची आणि म्हणायची, ये, बुझावते तुला. ती औषध लावत नसे, वडिलांना बोलत नसे, 'रडू नको' असंही म्हणत नसे. जवळ घेऊन बसायची. तिचा हात पाठीवर असायचा, पिठाचा वास यायचा, आणि थोड्या वेळानं आपण रडत नाही आहोत हे त्याचं त्यालाच कळायचं. आईला जाऊन वीस वर्षं झाली होती. तिच्याबरोबर तो शब्दही घरातून गेला. उमा, त्याची बायको, शहरातली. ती समजूत काढा म्हणायची.

तो दुभाष्या असतानाच, निजामी सालगणनेच्या तेराशे चव्वेचाळीस फसलीच्या बहमन महिन्यात, ऐन थंडीत, तुळजाबाईला अदालतीत उभी केली होती. अकरा वर्षं झाली तरी नरहरला तो दिवस तुकड्यातुकड्यानं आठवत असे, आणि दर वेळी तुकडे वेगळ्या क्रमानं यायचे. बाई विशी-बाविशीची. जांबच्या पुढं दोन कोसांवरच्या वाडीची. नवऱ्याचं नाव धर्मराज, कोरडवाहू जमीन करणारा. त्याची पहिली बायको नंदाबाई पटकीनं गेली आणि मागं दोन वर्षांचा सोपान राहिला. त्याला सांभाळायला कुणी हवं म्हणून वर्षाच्या आत तुळजाबाईला करून आणली. पोर तिच्याजवळ जात नसे. तिच्या हातचं खात नसे. गावानं ते पाहिलेलं होतं. मग एका दुपारी शेतात, कापूस वेचायला गेलेली असताना, पोर तिच्या मांडीवर मेलं. अंगात ताप होता असं ती म्हणाली. पोराचा मामा पुंजाराम म्हणाला, सावत्र बाईनं गळा दाबला. दवाखान्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलं की श्वास कोंडून मृत्यू झाला असावा, ताप असण्याचीही शक्यता नाकारता येत नाही. दंडावर बोटांचे वळ आहेत. यापलीकडं कुणाजवळ काही नव्हतं. पाहणारं माणूस शेतात एकही नव्हतं.

जबाब सुरू झाला तेव्हा जेवणाची वेळ होत आली होती. मुन्सिफसाहेब, तालुक्याचे न्यायाधीश, सज्जन माणूस, खोकल्यानं बेजार झालेला. शालीचं टोक तोंडाशी धरून प्रश्न विचारायचे. प्रश्न नरहर मराठीत करायचा, उत्तर उर्दूत करायचा, साहेब ते दोन-तीन वाक्यांत आवळून सांगायचे आणि पेशकार लिहून घ्यायचा. तुळजाबाई बोलत होती ती समोरच्या लाकडी कठड्याकडे बघून. सकाळी पोराचं अंग तापलेलं होतं, पण वेचणी थांबवता येत नव्हती, म्हणून कडेवर घेऊनच गेले. दुपारी ते रडायला लागलं. पाणी पाजलं, पिईना. सावलीत घेऊन बसले. मग ती थांबली. नरहर म्हणाला, पुढं बोल. तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं.

"लई रडून राह्यलं होतं. म्या त्याला बुझावलं," ती म्हणाली. "मंग ते निजलं. माझ्यापाशी ते कव्हा निजत नव्हतं, त्या दिशी निजलं. मंग उठलंच न्हाई."

नरहरनं वाक्य उचललं. हा क्षण तो इतक्या वेळा पाहत आला होता की आता त्याला स्वतःचा चेहराही बाहेरून दिसायचा: काळा कोट, काळी टोपी, किंचित पुढं झुकलेला, भूक लागलेला, आणि आपल्या आवाजावर खूष असलेला माणूस. तो म्हणाला, "बच्चा बहुत रो रहा था, मैंने उसको बुझाया." शब्द तसाच निघाला. त्याला वाटलं, चालेल. साहेबांनी शाल खाली घेतली. "बुझाया? चिराग़ की तरह?" पेशकार हसला. नरहरही हसला. या अडाणी लोकांचे शब्द कसे असतात अशा अर्थाचं ते हसू होतं. बाई पाच हातांवर उभी होती आणि तिला ते कळत नव्हतं. तो म्हणाला, नाही हुजूर, दिव्यासारखं नाही, यांच्या बोलीत त्याचा अर्थ वेगळा. काय अर्थ? साहेब थांबले होते, पेशकाराचा बोरू थांबला होता, भिंतीवरचं घड्याळ चाललं होतं. नरहरच्या डोक्यात काही आलं नाही. ज्या शब्दाचा अर्थ त्याच्या पाठीला ठाऊक होता, त्याला जिभेवर दुसरा शब्द सापडेना. त्याची इतकी कौतुकाची उर्दू त्या घटकेला रिकाम्या खोलीसारखी झाली. तिथं जे पहिलं हाताला लागलं ते त्यानं दिलं. "ख़ामोश किया, हुजूर."

साहेबांनी मान हलवली आणि पेशकाराला मजकूर सांगितला: बच्चा रो रहा था, मैंने उसको ख़ामोश कर दिया, वह सो गया, फिर नहीं उठा. 'किया'चं 'कर दिया' झालं होतं. नरहरच्या कानाला ते खटकलं. 'गप्प केलं' आणि 'गप्प करून टाकलं' यांत जेवढं अंतर आहे तेवढं ते होतं. त्यानं तोंड उघडलं, पण बोरू पुढच्या ओळीवर गेला होता, आणि एका क्रियापदावरून भर अदालतीत साहेबांना अडवायचं म्हणजे जरा जास्तच. पोर आपल्यापाशी कधी निजत नव्हतं, त्या दिवशी निजलं, हे तिचं बोलणं नरहरनं सांगितलं होतं. साहेब म्हणाले, ते मुकदम्याच्या बाहेरचं आहे. ते राहून गेलं. मग कायद्याप्रमाणं जबाब तिला समजावून सांगायचा होता. तेही नरहरचंच काम. त्यानं कागद हातात धरला आणि भराभर विचारलं, लेकरू रडत होतं, तू त्याला गप्प केलंस, ते निजलं, मग उठलं नाही, बराबर? ती म्हणाली, व्हय. तिच्या दृष्टीनं बरोबरच होतं. बुझावलेलं पोर गप्प होतंच. पेशकारानं शाई पुढं केली. तिनं डाव्या हाताचा अंगठा उठवला आणि शाई कुठं पुसावी हे न कळून हात तसाच लांब धरून ती बाहेर गेली.

योग्य शब्द त्याला तिसऱ्या दिवशी सापडला. अंघोळीच्या दगडावर बसला असताना, डोक्यावर तांब्या उपडा करताना, कुणी कानात सांगावं तसा. बहलाया. बच्चे को बहलाया. एवढंच म्हणायचं होतं. दिलासा दिया म्हटलं असतं तरी चाललं असतं, थपक कर सुलाया म्हटलं असतं तरीही. मग शब्द येतच राहिले, एकामागून एक, पाण्यासारखे, आता ज्यांचा काही उपयोग नव्हता असे. मराठीतलेही आले. चुचकारणं जनावराचं. गोंजारणं हाताचं. समजावणं डोक्याचं, त्याला समोरच्याला कळावं लागतं. बुझावणं यांतलं कुठलंच नव्हतं. तापानं फणफणलेल्या, आई मेलेल्या, भाषा पुरती न आलेल्या पोराला कुणीतरी आहे एवढं कळवणं, बास. तो ओल्या अंगानं तसाच बसून राहिला. उमानं बाहेरून दोनदा हाक मारली.

त्याच दिवशी तो मुन्सिफसाहेबांच्या बंगल्यावर गेला. साहेबांनी त्याला खुर्ची दिली, हे एरवी घडत नसे. सगळं ऐकून घेतलं. मिसल कालच वरच्या अदालतीत रवाना झाली, ते म्हणाले. पण काळजी करू नका, तिथं तिला पुन्हा विचारतील, तिथं दुसरा दुभाष्या आहे, आणि एका शब्दावर कुणाचा जीव जात नसतो. नरहरराव, तुम्ही हळवे आहात. त्यांनी चहा मागवला. ते इतकं मायेनं बोलले की नरहरला बरं वाटलं. पुढं कित्येक वर्षं त्याला सगळ्यांत जास्त शरम या गोष्टीची वाटली: त्या संध्याकाळी त्याला बरं वाटलं होतं, घरी येऊन त्यानं नीट जेवण केलं होतं, आणि रात्री झोपही लागली होती.

वरच्या अदालतीत तिला एकच विचारलं. हा जबाब तुझा का? ती म्हणाली, व्हय. अंगठा तुझा का? व्हय. निकालाची नक्कल तालुक्याला आली तेव्हा ती नरहरच्याच हातात पडली. डॉक्टरांचं मत दोन्हीकडं झुकणारं असलं तरी मुलजिमेनं, म्हणजे आरोपी बाईनं, स्वतःच्या तोंडानं मुलाला कायमचं ख़ामोश केल्याचं म्हटलं आहे, असं त्यात होतं. 'हमेशा के लिए' हे शब्द कुणाचे, ते आता विचारण्यात अर्थ नव्हता. प्रत्येक हातानं थोडीथोडी भर घातली होती आणि प्रत्येक हात प्रामाणिक होता. बाईचं वय बघून फाशी दिली नाही. जन्मठेप दिली.

चैत्रात, रामनवमीला, त्यानं घरी जांबला दर्शनाला जातो म्हणून सांगितलं. गेलाही. पण देवळात गर्दीतून हात जोडून लगेच बाहेर पडला आणि उन्हातून त्या वाडीकडे चालू लागला. धर्मराज बांधावर बसून वखराची फास ठोकत होता. अदालतीचा मुन्शी आलेला पाहून घाबरून उठला, त्याला वाटलं आता त्याच्यावरही काही आलं. नरहरनं त्याला खाली बसायला सांगितलं आणि म्हणाला, अपील करता येईल, अर्ज मी लिहून देतो, तू फक्त अंगठा दे.

"तिनं सोताच्या तोंडानं सांगितलं म्हनत्यात, मुन्शीजी," धर्मराज म्हणाला. "मंग आता काय राह्यलं?"

"ती तसं म्हणाली नव्हती. बुझावलं म्हणाली होती."

धर्मराजच्या हातातला हातोडा तसाच राहिला. तो खेड्यातला माणूस, त्याला शब्दाचा अर्थ सांगावा लागला नाही. नरहरला वाटलं होतं तो चिडेल, अंगावर धावून येईल. मनातून त्याला तसंच हवं होतं. धर्मराज नुसता जमिनीकडे बघत राहिला. त्यानं विचारलं, मग तसं लिहिलं का नाही? नरहर सांगू लागला: उर्दू, साहेब, वेळ, दिव्याचा गोंधळ. सांगताना त्याचं त्यालाच जाणवत होतं की उन्हात, नांगरटीत, हे सगळं सांगताच येत नाही. धर्मराजनं मधेच मान हलवून त्याला थांबवलं.

"तिला घिऊन गेले तव्हा म्या तिच्या तोंडावर थुकलो," तो म्हणाला. "साऱ्या गावादेखत. तिचं लुगडं, तिची पेटी, समदं उकिरड्यावर टाकलं. तिचा बाप आल्ता, त्याला येशीतून हाकललं. आता तुमी म्हनताव बुझावलं." त्यानं हातोडा खाली ठेवला. "हे मला सांगायचं न्हवतं तुमी, मुन्शीजी. आता म्या हे घिऊन कुटं जाऊ?"

अर्जाचं तो काहीच बोलला नाही. नरहरनं पुन्हा विचारलं नाही. पुढच्या बाजारी येतो असं धर्मराज निघताना म्हणाला होता, तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मग नरहरनं स्वतःच्याच नावानं वरच्या अदालतीला लिहिलं. चार दिवस बसून लिहिलं, आयुष्यातली सर्वांत शुद्ध उर्दू त्यात ओतली, त्या एका क्रियापदाचे सगळे अर्थ, त्याच्या छटा, तो कुठं वापरतात, कोण वापरतं. महिन्यानं एका ओळीचं उत्तर आलं: अर्जदार मुकदम्यातला पक्षकार नाही, अर्ज नामंजूर. त्यानंतर लवकरच त्यानं जालन्याला, जुन्या कागदांच्या खोलीत बदली मागितली. अंमलदारांना नवल वाटलं. उमालाही. तिला त्यानं सांगितलं की घसा दुखतो, उभं राहून बोलणं झेपत नाही. तिनं पुढची कितीतरी वर्षं त्याला रोज हळद-दूध दिलं.

हे सारं त्या मिरच्यांच्या ढिगापाशी पुन्हा उघडं झालं. तीन-चार दिवस त्यानं ते दाबून पाहिलं. पाचव्या दिवशी त्यानं बद्रीनाथला गाठलं. बद्रीनाथ तेव्हा त्या अदालतीत पुकारा करायचा. आता जालन्यातच लेकाकडे राहत होता आणि कुणाचं काय झालं हे त्याला ठाऊक असायचं. तुळजाबाई म्हटल्यावर त्याला आठवायला वेळ लागला नाही. सुटली की ती, तो म्हणाला, शिक्षेत सूट मिळून, मागल्या दिवाळीच्या आधी. माहेरी कुणी राह्यलं न्हाई, सासरी तर सवालच न्हाई. हितंच हाय, स्टेशनाकडल्या जिनात, कापूस निवडती. एक वर्ष ती याच गावात होती. कदाचित सदर बाजारात ती नरहरच्या शेजारून गेली असेल. कदाचित त्यानं तिला वाट दिली असेल.

दुसऱ्या दिवशी तो दुपारच्या सुट्टीत जिनावर गेला. वाटेत काय बोलायचं ते तो जुळवत होता आणि जुळवलेलं प्रत्येक वाक्य त्याला अर्जातलं वाटत होतं. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. हवेत कापसाचे पुंजके तरंगत होते, झाडांवर, बैलांच्या शिंगांवर, माणसांच्या भुवयांवर बसत होते. बाया भिंतीच्या सावलीत भाकरी सोडून बसल्या होत्या. त्यानं विचारल्यावर एकीनं बोट दाखवलं. सगळ्यांपासून थोडी दूर एक बाई बसली होती. तिशी-बत्तिशीची असायला हवी होती; पन्नाशीची दिसत होती. तो समोर जाऊन उभा राहिला. तिनं ओळखलं नाही. त्यानं सांगितलं, मी त्या अदालतीत होतो, मुन्शी, तुमचं बोलणं साहेबांना सांगणारा. तेव्हा तो तिला अगं-तुगं करत होता. आता तोंडातून आपसूक तुम्ही आलं. तिनं भाकरीवर फडकं टाकलं, उठायला लागली, नव्या चौकशीला आला असावा अशा सवयीनं. त्यानं हातानंच बसा म्हटलं आणि स्वतः तिच्यासमोर धुळीत बसला.

त्यानं सगळं सांगितलं. या वेळी उर्दूचं, वेळेचं काही मधे आणलं नाही. तुम्ही बुझावलं म्हणालात आणि मी ते गप्प केलं असं सांगितलं, त्यावरून तुम्हाला शिक्षा झाली, चूक माझी, असं तो म्हणाला. ती ऐकत होती. ऐकताना भाकरीच्या फडक्यावर पडलेला कापूस बोटांनी वेचून बाजूला ठेवत होती. राग नाही, आश्चर्य नाही. जणू दुसऱ्या कुणा बाईची हकीगत चालली होती. सगळं संपल्यावर ती म्हणाली, "बुझावलं म्हनले असंल म्या."

तिनं वेचलेला कापूस चिमटीत गोळा केला.

"तितं तुरुंगात बाया इचारायच्या, तू काय केल्तं? पैल्यानं म्या काईबी सांगायची. मंग एक जमादारीण होती, तिनं कागद वाचून सांगितला, तू लेकराला गप करून टाकलं. मंग तेच सांगाया लागले. धा वरसं तेच सांगत राह्यले, मुन्शीजी." तिनं दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे पाहिलं. "आता ती दुपार आठवाया बसले तर हात दाबल्यालेच आठवत्यात. पोर लई झटत होतं. म्या त्याला घट धरलं होतं. किती घट, ते काय सांगावं? त्याच्या दंडावर माझी बोटं उठली होती, डाक्टरनं दावली. मंग बुझावताना उठली का कशानं?"

इतकी वर्षं नरहर एक शब्द जपत आला होता, एखादी ठेव परत करायची असावी तशी. ती परत केली की काहीतरी पूर्ण होईल असं त्याला वाटत आलं होतं. ठेव ठेवणारीलाच आता ती आपली की परक्याची हे सांगता येत नव्हतं. आणि त्याला तरी काय माहीत होतं? ती काय म्हणाली एवढंच त्याला माहीत होतं. त्या शेतात, त्या सावलीत, त्या लहानशा छातीवर काय झालं ते त्यानं पाहिलं नव्हतं. शब्दाच्या पलीकडं तो कधी गेलाच नव्हता.

तुळजाबाई त्याच्याकडे बघत होती. अदालतीत एकदा पाहिलं होतं तशीच, थेट.

"तुमी शिकल्याले," ती म्हणाली. "समदे कागद तुमी वाचले. मंग तुमीच सांगा, म्या दाबलं का वो?"

"नाही," नरहर म्हणाला. मग जरा मोठ्यानं, "नाही दाबलं. तुम्ही नाही दाबलं, तुळजाबाई."

तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि थांबलं. मग तिनं मान हलवली, हळू, एखाद्या लहान मुलाचं बोलणं ऐकून मोठ्या माणसानं हलवावी तशी.

"बुझावताव मला," ती म्हणाली.

त्याला सांगायचं होतं की नाही, हे तसं नाही, हे खरं आहे. पण ते खरं आहे हे तो कशावरून सांगणार होता? जिनाचा भोंगा वाजला. बाया फडकी झटकत उठल्या. तुळजाबाईनं उरलेली अर्धी भाकरी बांधली, कनवटीला खोचली आणि त्याच्या कोटावरचा कापूस बघून म्हणाली की असं उन्हाचं धुळीत बसू नका, चक्कर येईल. तिच्या आवाजात काही राग नव्हता. ती इतर बायांमागून फाटकातून आत गेली. मागं वळून पाहायचं तिला काही कारण नव्हतं.

नरहर उठून फाटकापर्यंत गेला. पहारेकऱ्यानं काठी आडवी धरली. "किससे काम है?" त्यानं विचारलं. नरहरनं आत पाहिलं. कापसाच्या ढिगांमधे सगळ्या बाया सारख्याच दिसत होत्या, पांढऱ्या, वाकलेल्या. पहारेकऱ्यानं पुन्हा विचारलं. मागून गाडीवाला वाट मागत होता. नरहर म्हणाला, काही नाही, आणि बाजूला होऊन गाडीला जाऊ दिलं. गाडी आत गेली, तिच्या मागची दुसरी गेली, तिसरी गेली. मग पहारेकऱ्यानं फाटक लोटून घेतलं.